झडतीतला आवाज

निवृत्त होऊन दोन पावसाळे झाले, तरी इस्लामपूरजवळच्या त्या घराची झडती माझ्या मनातून जात नाही. सांगायला थोडी लाज वाटते, कारण त्या दिवशी माझं लक्ष गुन्ह्यापेक्षा माझ्या हाताखालच्या एका फौजदार बाईंवर जास्त होतं.

त्या नव्या होत्या. नवा कायदा आणि खासगीपणाच्या हक्कावरचे न्यायालयांचे निकाल त्यांना तोंडपाठ होते. गुन्हे आढावा बैठकीत अधीक्षक साहेब माझ्यासमोर त्यांनाच विचारायचे. तीस वर्षं नोकरी केलेला मी शेजारी बसून चहा ढवळत राहायचो.

एका सकाळी ठाण्यात निनावी फोन आला. लष्करातला एक हवालदार रजेवर आला होता. त्याच्या घरात गावठी कट्टा आहे, असं फोन करणाऱ्यानं सांगितलं. मी जीप काढायला लावली.

"सर, वॉरंट नाही. निदान झडतीची कारणं लिहून ठेवू. व्हिडिओही घ्यावा लागेल," बाई म्हणाल्या.

"तुमचं लिहून होईपर्यंत कट्टा कृष्णेत जाईल, मॅडम."

तरी त्यांनी उभ्या उभ्या चार ओळी लिहून माझी सही घेतली. दोन पंच घेऊन आम्ही पोहोचलो. दारात गर्दी जमली. बाईंनी मोबाईलवर चित्रीकरण सुरू केलं. मी हवालदाराच्या बायकोचा फोन उचलला आणि लॉक उघडायला सांगितलं. ती नवऱ्याकडं बघत राहिली.

"सर, त्यांच्या फोनचा या माहितीशी संबंध नाही," बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या.

"बंद करा ते चित्रीकरण!" मी ओरडलो. त्यांनी केलं नाही.

घरात काही निघालं नाही. शेवटी परसातल्या कोंबड्यांच्या खुराड्यात, फडक्यात गुंडाळलेला कट्टा सापडला. हवालदारानं माझ्यापुढं हात जोडले.

"सायब, मी नायब सुभेदार होणार हाय पुढच्या महिन्यात. मी कशाला असलं करीन?"

मी त्याला अटक केली. बाईंचं तोंड बंद झालं, याचंच मला समाधान होतं. त्यांनी आदेश मोडला म्हणून कसुरी अहवालही मी लिहायला घेतला.

दुसऱ्या दिवशी दंडाधिकाऱ्यांकडं पाठवण्याआधी बाई ते चित्रीकरण कानाला इयरफोन लावून पुन्हा ऐकत होत्या. त्यांनी मला बोलावलं. आधी माझंच ओरडणं ऐकू आलं. मग आम्ही माजघरात असताना दाराबाहेरून कोणीतरी दबक्या आवाजात म्हणत होतं, "खुराडं बघितलं न्हाई व्हय अजून?"

तोवर खुराड्याकडं कोणी फिरकलंही नव्हतं. हवालदाराला ऐकवल्यावर त्यानं आवाज ओळखला; तो त्याच्या चुलतभावाचा होता.

त्याला आणलं. तासभर तो नाहीच म्हणत होता. बाईंनी फक्त आवाज ऐकवला, दोनदा. तो रडायला लागला.

"भरतीला दोघं एकत्रच पळालो, सायब. त्यो लागला, मी छातीच्या मापात बसलो न्हाई. आता गावात त्याचा सत्कार करनार व्हते. मला बघवंना झालं."

जबाब मी लिहून घेत होतो. 'बघवंना' या शब्दावर माझं पेन थांबलं. शेजारी बाई बसल्या होत्या. त्यांच्याकडं मान वर करून बघणं मला जमलं नाही. संध्याकाळी तो अर्धवट अहवाल मी फाडला.

हवालदार निर्दोष ठरून युनिटला परतला. पुढच्या बैठकीत साहेबांनी विचारलं, "हा आवाज कोणी पकडला?" 'आमच्या पथकानं' हे शब्द ओठांवर आले होते. मी बाईंचं नाव घेतलं. झडतीत मी कुठं चुकलो, तेही सांगितलं. टाळ्या त्यांना मिळाल्या. मीही वाजवल्या, पण हात जड झाले होते.

झडतीची कारणं लिहिणं म्हणजे कागदी घोडे, असं मी आयुष्यभर मानलं. पण लिहायला बसलं की आपल्याकडं खरं कारण आहे की नुसती घाई, हे कळतं. दुसऱ्याच्या घरात शिरणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात काय काय असतं, हे मला माझ्यावरून ठाऊक आहे. न्यायालयं अंकुश ठेवतात ते बरंच आहे.

त्या बाई आता एका ठाण्याच्या प्रभारी आहेत. ऐकून आनंद झाला, असं लिहायला हवं. झालाही. पण पूर्ण नाही.