हद्द की जद्द

बसाप्पांना काहीही विचारलं की ते डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "वाचा." कागद कुणाचा, कशासाठी हवाय, याची चौकशी नाही. आपण कागद पुढे धरून उभे, आणि हा माणूस कपाळावरच्या विभूतीसकट भिंतीला टेकून बसलेला. "मोठ्यानं वाचा, दत्तूराव. कागदाला तोंड न्हाय, तुमाला हाय." पहिल्यांदा वाटलं, म्हातारा माझी थट्टा करतोय. मग वाटलं, परीक्षा घेतोय. पुढे आणखी काय काय वाटत गेलं. आज इतक्या वर्षांनीही त्यांच्याबद्दल मला नक्की काय वाटतं, हे धड सांगता येत नाही.

निजामाच्या राज्यातली ती एक तहसील कचेरी. गावाचं नाव सांगत नाही. उमरग्याच्या आसपास कुठंतरी होती असं धरा. बसाप्पा घरी कानडी बोलत, बाजारात मराठी, साहेबापुढे दखनी आणि चिडले की तिन्ही एकदम. सगळी कचेरी त्यांना आप्पा म्हणे. जुन्या कागदांचा दफ्तरखाना त्यांच्या ताब्यात होता. रुमालांत बांधलेले गठ्ठे पार आढ्यापर्यंत रचलेले. कुठलंही गाव सांगा, आप्पा उठून दोन-तीन रुमालांच्या गाठी चाचपायचे आणि हवा तो गठ्ठा काढून द्यायचे. प्रत्येक गावाची गाठ वेगळी मारलेली असे. हे मला कळायलाच सहा महिने गेले, आणि तेही त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे.

मी तिथे कागदांच्या नकला उतरवायच्या कामाला लागलो. शाळेत उर्दू शिकलो होतो, पण ते छापील. कचेरीतलं उर्दू म्हणजे शिकस्ता, घाईत ओढलेलं, ज्यात ठिपके द्यायचे की नाही ते लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. पहिल्या दिवशी पुढ्यात कागद आला, तर एक ओळ लागेना. कुणाला विचारावं तर पंचाईत. आमचे पेशकार, म्हणजे साहेबांचे मुख्य कारकून, कागदावर हात आडवा धरून लिहीत, शेजारच्याला एक अक्षरही दिसू नये म्हणून. कचेरीत काही विचारणं म्हणजे आपली अक्कल चावडीवर मांडणं, असा एकूण खाक्या. राहिले आप्पा. ते नाही म्हणत नसत. फक्त वाचायला लावत. मी अडखळत वाचायचो. चुकलो की ते डोळे न उघडता म्हणायचे, "छे छे, माकणीला कुठली आलीय आमराई? परत वाचा." मी पुन्हा बघायचो, आणि खरंच तो शब्द आमराई नसायचा. वर्षभरात मी शिकस्ता वाचायला लागलो. पण त्यांनी मला शिकवलं असं म्हणावं, तर त्यांनी मला एक अक्षरसुद्धा दाखवलेलं नव्हतं.

एका उन्हाळ्यात चंद्राबाई नावाची एक विधवा कचेरीत आली. तिच्या आणि शेजाऱ्याच्या वावरामधल्या बांधावर एक विहीर होती. नवरा होता तोवर दोघांच्या मोटा त्या विहिरीवर चालायच्या. तो गेल्यावर शेजाऱ्याने तिची मोट बंद केली. म्हणे विहीर आमच्या आजानं खणली, आमची एकट्याची आहे. तिच्या रानात मिरची उभी होती आणि दिवसागणिक माना टाकत होती. चार दिवसांनी तहसीलदारांपुढे सुनावणी होती, आणि पुरावा एकच, पन्नासेक वर्षांपूर्वीच्या पाहणीची नोंद. त्या नोंदीची नक्कल मी करायची होती.

आप्पांनी गठ्ठा काढून दिला. मी नोंद शोधली आणि एका शब्दावर अडलो. उर्दूत 'ह' या अक्षराच्या पोटाखाली एक ठिपका दिला की त्याचा 'ज' होतो. हद्दी विहीर म्हणजे हद्दीवरची, दोघांची. जद्दी विहीर म्हणजे आज्या-पणज्याची, वारशाची, एकट्याची. नोंदीतल्या त्या शब्दाखाली एक ठिपका होता. पण अख्ख्या पानावर लिहिणाऱ्याने बाकी कुठे ठिपका दिलेलाच नव्हता! मग इथेच कसा आला? मुद्दाम दिला? नंतर कुणी दिला? की माशी बसून गेली?

मी तो कागद तीनदा पेशकारांपर्यंत नेला आणि तीनदा परत आणला. शेवटी आप्पांकडे गेलो.

"वाचा," ते म्हणाले.

"वाचून काय करू आप्पा? वाचताच येत नाहीये. एक ठिपका आहे, तो खरा की खोटा कळत नाही. तुम्ही एकदा बघा."

"तुमीच सांगा की."

"मी विचारतोय ना तुम्हाला!" माझा आवाज चढला. दाराबाहेर चंद्राबाई बसली होती, तिनेही मान वर केली. "तिची मिरची जळून चालली आहे. माझ्या एका अक्षरावर तिचं वर्ष जाईल. एवढं बघायला तुमचं काय जातंय?"

आप्पांनी डोळे उघडले, पण कागदाकडे न बघता हात पुढे केला. "माजं बोट धरा आन् त्या ठिपक्यावर ठिवा."

मी ठेवलं. त्यांनी बोट दोनदा फिरवलं. "शाई कागदात जिरती, दत्तूराव. बोटाला लागत न्हाय. ह्ये लागतंय." आणि मला काही बोलायला सवड न देता त्यांनी नखाने हळूच खरवडलं. ठिपका गेला. "माशी," ते म्हणाले. "लिवा आता. हद्दी."

मी हद्दी लिहिलं. सुनावणीत विहीर दोघांची ठरली आणि चंद्राबाईची मोट सुरू झाली. ती कचेरीत आप्पांच्या पाया पडायला आली, तर आप्पा म्हणाले, "नक्को माय, ह्यांच्या पड, ह्यांनी वाचलं." मला फार अभिमान वाटला. बोटाने शाई ओळखायची ही विद्या मी पुढे चार लोकांना सांगितलीसुद्धा.

मग पावसाळ्यात एके दिवशी मी एक अर्ज त्यांच्या हातात दिला. घाईत उलटा दिला. आप्पांनी तो तसाच डोळ्यांपुढे धरला, मान डोलावली आणि म्हणाले, "अक्षर बरं हाय. वाचा."

मी वाचला नाही. गाठी, मिटलेले डोळे, ते सदा न् कदा "वाचा", सगळं एकदम उलगडलं आणि उलगडून आणखी गुंतलं. आप्पांना दिसत नव्हतं. कधीपासून, देव जाणे. साहेबाला कळलं असतं तर त्याच दिवशी त्यांना घरी बसवलं असतं. म्हणजे इतके दिवस ते मला शिकवत होते की मी त्यांचं काम करत होतो? मदत मागायला कोण कुणाकडे जात होतं? राग आला, मग रागाची लाज वाटली. मी अर्ज सुलटा केला आणि मोठ्याने वाचला. त्यानंतर रोज वाचत राहिलो. याबद्दल आम्ही कधी एक शब्द बोललो नाही.

संस्थान गेलं. कचेरीत मराठी आली आणि जुने लोक निघाले. आप्पाही निघाले, मुलाकडे, कानडी मुलखात. मी त्यांना बैलगाडीपर्यंत हाताला धरून नेलं. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. गाडीच्या साट्याला हात लागल्यावर ते थांबले.

"दत्तूराव, एक इचारू?"

आप्पा मला काही विचारतायत हे ऐकूनच मी गोंधळलो. "विचारा की."

"त्या बाईच्या कागदावरचा ठिपका. म्या खरवडला त्यो." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "जुनी शाई बी कवा कवा दाट बसती. बोटाला लागती. त्या दिशी म्या बोललो न्हाय. ती बाई भाईर बसली हुती, तुमी वरडत हुता... झोपंत बी त्येच येतंय बगा. रंग कसा हुता त्येचा? शाईवानी काळा, का तपकिरी?"

"तपकिरी," मी म्हणालो.

"तुमी बगितला हुता?"

"बघितला होता."

"पक्कं?"

"पक्कं, आप्पा. माशीच होती."

"हौ," ते म्हणाले. त्यांनी मोठा श्वास सोडला, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि न्यायला आलेल्या पोराने हात दिल्यावर गाडीत चढून बसले. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी तिथेच उभा होतो.

मी बघितला नव्हता. ह की ज, या चिंतेत मी तासभर तो ठिपका डोळ्यांपुढे धरला होता, आणि त्याचा रंग कोणता, हे काही पाहिलंच नव्हतं. दोन धड डोळे असून.