आक्काताईंचं समजूतदार घड्याळ

रंकाळ्यावर पहाटे पळणाऱ्या आमच्या मंडळींना पूर्वी एकच व्यसन होतं, पळून झाल्यावर मिसळ खाण्याचं. आता दुसरं लागलंय, घड्याळाचं. हे घड्याळ वेळ दाखवतं, पण तेवढ्यासाठी ते कुणी घेत नाही. ते आकाशातल्या उपग्रहांना विचारून तुम्ही कुठं आहात ते सांगतं. रंकाळ्यावर पळणारा माणूस रंकाळ्यावरच हाय हे सांगायला उपग्रह कशाला लागतोय, असं आमचे आण्णा रोज विचारतात. आण्णांच्या मनगटावरही तसलंच घड्याळ आहे.

मिसळीच्या टेबलावर आमचा आवडता विषय म्हणजे खरं घड्याळ कसं असावं. राजवर्धनचं मोबाइलचं दुकान आहे, त्यामुळं तो आमच्यातला घड्याळपंडित. तो म्हणतो, "बॅटरी आठवडाभर टिकली पायजे भावा. आणि दाट झाडीत शिरलं तरी घड्याळानं वाट सोडायची न्हाय. परवा राधानगरीच्या जंगलात मी पायवाटेवर पळतोय आणि हे म्हणतंय मी धरणाच्या मधोमध हाय!" अनुजा दातांची डॉक्टर. तिला बटणं हवीत. काचेवर बोट फिरवायचं असलं की घामाच्या हाताला ते दाद देत नाही, आणि पावसात तर प्रत्येक थेंब स्वतःला बोट समजतो, असं तिचं म्हणणं. आण्णांची मागणी वेगळीच. "माझ्या छातीचे ठोके माझ्याजवळ ऱ्हावूदेत. घरात कळवायचं कारण न्हाय. मी दुसरी प्लेट मागवली की ठोके वाढत्यात, आणि लगेच सूनबाईचा फोन."

एकदा आक्काताईंना विचारलं, तुमचं काय? त्यांनी पाव रश्श्यात बुडवला आणि म्हणाल्या, "मला येवढंच सांगावं त्यानं, की मी त्या गाडीत बसणार का न्हाय."

ती गाडी काय ते सांगितलं पाहिजे. दर थंडीत शिवाजी पुलापासून पन्हाळ्यापर्यंत एक दौड असते. अंतर एकवीस किलोमीटरच्या आसपास आणि शेवटचा घाट छातीवर येणारा. चार तासांत वर पोचायचं. मागं पडलेल्यांना गोळा करत एक मिनीबस येते. गेल्या वर्षी तिनं आक्काताईंना वाघबिळाच्या अलीकडं उचललं. आता यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. त्या मिनीबसमध्ये माझी तर खिडकीची जागा जवळजवळ ठरलेली असते. पण आक्काताईंना लागलं. कारण त्या एसटीतून निवृत्त झालेल्या कंडक्टर, आणि नोकरीची बहुतेक वर्षं कोल्हापूर-पन्हाळा गाडीवर.

"ज्या घाटात मी आख्खा तालुका गाडीत कोंबला," त्या सांगत, "त्या घाटात मला दंडाला धरून गाडीत घातलं! आणि ते दाराजवळचं पोरगं म्हणतंय, मावशी, जरा मागं सरका. मला! मागं सरका!"

हे वाक्य त्यांनी जन्मभर लोकांना ऐकवलेलं. परत ऐकायची सवय नव्हती. यंदा काही झालं तरी त्या गाडीत बसायचं नाही, स्वतःच्या पायांनी वेळेत वर जायचं, असं त्यांनी आम्हा सगळ्यांसमोर जाहीर केलं.

आक्काताई मूळच्या नेसरीच्या. शाळेत असताना जयंतीच्या मिरवणुकीत लेझीम पथकाच्या सगळ्यांत पुढं, आणि आवाज असा, की हलगीवाला मागं वळून बघायचा. एसटीत बायका कंडक्टर घ्यायला लागल्यावर पहिल्यापहिल्यांत त्या लागल्या. यजमान एका शाळेत ग्रंथपाल होते. ते घरातही ग्रंथालयासारखेच वागतात, त्यामुळं बोलण्याचं सगळं खातं आक्काताईंकडं. ते त्यांनी गाडीतही सांभाळलं. कुणाचं औषध आणून दे, कुणाच्या लेकीला निरोप दे. केर्लीच्या धोंडुबाईंच्या धाकट्या लेकीचं लग्न तर त्यांच्या गाडीतच जमलं. एका स्टॉपवर मुलगी चढली, पुढच्या स्टॉपवर स्थळ. आक्काताईंनी दोघांना एका बाकावर बसवलं आणि सुट्ट्या पैशाच्या निमित्तानं बोलतं केलं.

निवृत्त झाल्यावर साखर निघाली. डॉक्टर म्हणाले चाला. त्या चालायला लागल्या, आणि आमच्या नादानं पळायला लागल्या. मिनीबसचं प्रकरण कानावर गेल्यावर त्यांची लेक संघप्रिया, ती पुण्यात नोकरीला असते, तिनं हे उपग्रहवालं घड्याळ पाठवून दिलं. मग दर रविवारी आक्काताईंचा सराव त्याच रस्त्यावर सुरू झाला. सोमवारी त्या मनगट पुढं करून आम्हाला आकडा दाखवायच्या. चार तासांच्या आत, तेही बऱ्यापैकी आत.

"पाय तयार हाईत," त्या म्हणायच्या. "गेल्या साली त्यांचंच घड्याळ बिघडलं असणार."

दौडीच्या आदल्या रविवारी मी त्यांच्याबरोबर गेलो. पूल ओलांडेपर्यंत बरं चाललं होतं. वडणगे फाट्याला एक दूधवाला आडवा आला, "आवो आक्काताई, आज लवकर निघालासा?" आक्काताई थांबल्या. त्याच्या म्हशीची चौकशी झाली, मग भावाची. पुढं उसाची ट्रॉली चालली होती. तिच्या ट्रॅक्टरवर गाणी इतक्या जोरात होती, की मला वाटलं आता तरी बोलणं होणार नाही. ड्रायव्हरनं गाणी बंद केली. गाडी बाजूला घेतली. केर्लीत धोंडुबाईंनी तर रस्त्यावर खुर्च्याच मांडल्या होत्या, दर रविवारी मांडायच्या तशा. आम्ही पन्हाळ्यावर पोचलो तेव्हा लोक झुणका-भाकरीवर बसले होते आणि बायकोचे फोन उचलायची माझी हिंमत नव्हती. आक्काताईंनी मनगट दाखवलं. "तीन तास आणि वर थोडं. बघा!"

मी माझं घड्याळ बघितलं. आम्ही उजाडताना निघालो होतो. तीन तासांत सूर्य इतका वर जात नाही.

दुसऱ्या दिवशी राजवर्धननं त्यांचं घड्याळ हातात घेऊन चार बटणं दाबली आणि कपाळावर हात मारला. "आक्काताई, पाय थांबले की मोजणं थांबतंय यात. असं कुणी लावलं?"

"मीच." आक्काताईंना त्यात काही चूक दिसेना. "लोकांशी बोलणं म्हंजे काय पळणं हाय व्हय? ते कशाला मोजायचं? घड्याळानं विचारलं, थांबलासा की मी बी थांबू का? म्हटलं थांब बाबा. समजूतदार वाटलं मला."

"आणि हा बघा खरा वेळ. पाच तासांच्या वर."

मग आण्णा हळूच म्हणाले, "एसटीकडं असलं घड्याळ असतं, तर आपली एकबी गाडी कधी लेट झाली नसती."

एरवी आक्काताईंनी याला सव्याज परत केलं असतं. त्या दिवशी पाव हातातच राहिला. "म्हंजे माझं पाय न्हायीत अडकलं," त्या म्हणाल्या, "तोंड अडकलंय."

"मग सोपं आहे की," अनुजा म्हणाली. "थांबायचं नाही."

"अगं, माणूस हाक मारतंय आणि मी तशीच फुडं जाऊ?"

"कानात गाणी लावा."

"मला ऐकू आलं न्हाय तरी त्यांना मी दिसतोय की!" आमच्याकडं बायकाही 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, आणि आक्काताई तर नक्कीच.

"नुसता हात दाखवून जावा मग," राजवर्धन म्हणाला.

"हात दावत जायला मी काय निवडणुकीला हुबारलोय?"

दोन दिवस त्या रंकाळ्यावर आल्या नाहीत. आम्हाला वाटलं दौडच सोडली. तिसऱ्या दिवशी मला फोन. "भावा, शनवारी दुपारी स्कूटर घेऊन ये. त्या रस्त्यावरचा रविवारचा चहा आदल्या दिशीच पिऊन येऊया."

असा बेत कोल्हापूरबाहेर कुणाला सुचला असता असं मला वाटत नाही. दौडीच्या आदल्या दिवशी आक्काताई माझ्या मागं बसून पूल ते पन्हाळा रस्त्यावरच्या ओळखीच्या प्रत्येक दारात उतरल्या. चहा, ख्यालीखुशाली, आणि शेवटी विनंती, की उद्या मी पळत येणार, मला हाक मारायची नाही.

धोंडुबाई रागावल्या. "उद्या बोलायचं न्हाय म्हणून आज बोलाय आलीस? आमचं काय चुकलं सांग की सरळ."

"तुझं काय चुकत न्हाय गं. थांबलो तर ती गाडी मला घालून नेतीया."

"कोण नेतंय? दादल्याला सांगू का माझ्या, काठी घेऊन हुबा ऱ्हाईल."

समजूत पटायला दोन कप लागले. तेही गोड. बिनसाखरेचा मागितला तर या रस्त्यावर माणसं आधी दवाखान्याचं नाव विचारतात. म्हणून आक्काताई घोटभर घेऊन बाकीचा माझ्या कपात ओतत होत्या. वाघबिळाला आकारामचं चहा-भज्याचं टपरीवजा हॉटेल आहे. त्याची आणि आक्काताईंची जुनी ओळख. पण हॉटेल बंद होतं, आकाराम बिद्रीला मेव्हण्याकडं गेला होता. "तेवढा एक ऱ्हायला," आक्काताई काळजीनं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पळण्याच्या अवस्थेत मी नव्हतो. आदल्या दिवसाचा सगळा चहा पोटात उभा होता. मी स्कूटरवरून मागं मागं गेलो, आणि त्यामुळं सगळं बघायला मिळालं.

आक्काताई पळत होत्या आणि रस्त्यानं शब्द पाळला होता. दूधवाल्यानं किटली खाली ठेवून नुसता नमस्कार केला. ट्रॅक्टरवाल्यानं गाण्याचा आवाज उलट वाढवला. केर्लीत धोंडुबाई पदराचा बोळा तोंडावर धरून उभ्या होत्या. आक्काताई समोरून गेल्या आणि बोळा सुटला.

"मी बोलत न्हाय गं! जा तू! फकस्त येवढंच सांगतो, आमच्या थोरल्याचं जमलं!"

आक्काताईंचा पाय अडखळला. "कुठलं स्थळ?"

"सांजच्याला सांगतो! पळ, सटवे, पळ!"

स्थळ कुठलं हे न कळता पुढं जायचं म्हणजे काय, ते त्यांच्या पाठीकडं बघूनही कळत होतं. पण त्या गेल्या.

वाघबिळाला आकाराम भर रस्त्यात उभा. हातात काचेच्या ग्लासात चहा. त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मागं वळणावर मिनीबस दिसायला लागली होती. आक्काताईंनी एकदा बसकडं बघितलं, एकदा आकारामच्या चेहऱ्याकडं, आणि ग्लास घेऊन न थांबता पुढं चालू लागल्या.

"आवो, बसा की! ही काय तऱ्हा?"

"चालता चालता बोल. बिद्रीला समदी बरी हाईत न्हवं?"

"बरी हाईत, पर माझा ग्लास!"

ग्लास परत मिळेपर्यंत आकाराम गळ्यात टॉवेल टाकून अर्धा घाट चढला. वरच्या बाजूच्या स्वयंसेवकांनी त्याला स्पर्धक समजून पाणी दिलं, टाळ्या वाजवल्या. तो पुढं महिनाभर गिऱ्हाइकांना हे सांगत होता.

शेवटच्या चढावर आक्काताई चालत होत्या, पण थांबत नव्हत्या. मिनीबस पाठीशी घरघरत होती. वर कमान दिसली, कमानीवरचं मोठं घड्याळ दिसलं. त्या घड्याळात अजून थोडा वेळ शिल्लक होता, अगदी थोडा. आणि तेवढ्यात कमानीच्या अलीकडून शिट्टी गळ्यात अडकवलेला एक पांढऱ्या मिशांचा स्वयंसेवक दोन्ही हात पसरून धावत आला.

"आक्काताई! आवो, वळखलं का मला?"

ओळखायचं काय? ते हंबीरराव होते. आक्काताई ज्या गाडीवर कंडक्टर होत्या, ती गाडी हंबीररावच चालवायचे. निवृत्तीनंतर ते मुलाकडं सोलापूरला गेले होते आणि नुकतेच परतले होते. त्यांना वेळेचं भान नव्हतं. डोळे भरले होते. ते रस्ता अडवून उभे राहिले. आक्काताई थांबल्या. खरोखर थांबल्या. मी स्कूटरवर डोळे मिटून घेतले. धोंडुबाईंना, आकारामला टाळता आलं असतं, पण इतकी वर्षं एका गाडीत काढलेला माणूस समोर आल्यावर कोण पुढं जाईल?

आणि मग तो आवाज आला, लेझमीच्या काळातला.

"हंबीरभाऊ! टण टण!"

एसटीत एक घंटा म्हणजे थांब आणि दोन घंटा म्हणजे चल. हंबीररावांच्या डोक्यापर्यंत हे पोचायच्या आत पायांनी ऐकलं. डावा पाय क्लच दाबल्यासारखा दबला, हात हवेत गिअरवर गेला, आणि ते गर्रकन वळून कमानीच्या दिशेनं चालायला लागले. त्यांच्या मागोमाग आक्काताई. पुढं ड्रायव्हर, मागं कंडक्टर, अशी ती दोघं कमानीखालून गेली. घड्याळाचा वेळ संपल्याचा भोंगा त्यानंतर वाजला. फार नंतर नाही, पण नंतर.

कुणीतरी आक्काताईंच्या गळ्यात पदक घातलं. त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. त्या हंबीररावांचा हात धरून मांडवातल्या सतरंजीवर बसल्या होत्या. "आता बोला, भाऊ. सोलापुरास्नं सुरवात करा."

हंबीरराव बोलायला लागले. नातवंडं झाली, गुडघे झाले, सोलापूरची कडक भाकरी झाली. बक्षिसं वाटून झाली, पाहुणे गेले. मांडववाल्यांनी खुर्च्या उचलल्या, कमान उतरवली. शेवटी मांडववाल्यांची दोन पोरं सतरंजी गुंडाळत गुंडाळत आक्काताईंपर्यंत आली.

"मावशी, जरा उठता काय?"

आक्काताई उठल्या, हंबीररावांना उठवलं, दोन पावलं बाजूला जाऊन गवतावर बसल्या आणि म्हणाल्या, "हां, मग सूनबाई काय म्हणाली?"