न चोळायचा पाय

आचऱ्यात बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायचं काम रुक्मिणीकाकी चाळीस वर्षं करते आहे. पोटुशीचे पाय दुखले तरी तिलाच बोलावणं येतं. पण तेलात बोट बुडवण्याआधी ती बाईला घरापुढच्या खळ्यात, उजेडात उभी करते आणि दोन्ही पोटऱ्या नीट पाहते. फुगलेल्या निळ्या शिरा, गालांवर कोळ्याच्या पायांसारख्या बारीक लाल रेघा, लालबुंद तळवे, हे सगळं तिच्या ओळखीचं. बाळंतपणानंतर यातलं बहुतेक ओसरतं, असं सांगून ती हसते. एकच पाय सुजलेला दिसला, की मात्र ती तेलाला हात लावत नाही.

कारण नर्मदा. सव्वीस वर्षांपूर्वी, बाळंतपणाच्या नवव्या दिवशी नर्मदाने डावा पाय पुढे केला. पोटरी टणक होती, तापलेली होती. शिरा धरल्या असतील असं समजून काकीने ती चांगली रगडली. दुसऱ्या सकाळी न्हाणीच्या दारात नर्मदा छातीवर हात धरून कोसळली, ती उठलीच नाही. पायातली रक्ताची गुठळी वर गेली, असं डॉक्टर म्हणाले. काकीला कोणी काही विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. पण भाकरी थापताना, कपडे पिळताना, मध्येच ती पोटरी अजून तिच्या तळव्याखाली तापते.

नर्मदाची ती तान्ही मुलगी म्हणजे संचिता. तिला गावातच दिली आहे. यंदा थंडीत तिला सातवा लागला. माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच ठरलं, आणि पाय दुखतात म्हणून तिच्या सासूने, सुगंधाने, काकीला बोलावलं. वाटीत तेल कोमट करून ठेवलं होतं. शिरा दोन्ही पायांवर उमटल्या होत्या, पण सूज एकट्या डाव्या पोटरीला होती. काकीने हाताची पालथी बाजू टेकवली आणि हात मागे घेतला.

चोळायचं नाही, आजच मालवणला दवाखान्यात न्या, ती म्हणाली. सुगंधाला पटेना. शिरा तर तिच्या गरोदरपणी तिलाही आल्या होत्या. मुलगा शनिवारी येईल, तेव्हा दाखवू.

"हात थकले काय गो तुझे?" असं चेष्टेत विचारून तिने स्वतःच वाटी उचलली.

काकीने तिचं मनगट धरलं.

"हिच्या आवशीचो पाय असोच होतो. मीच चोळललो. दुसऱ्या दिसाक ती गेली."

सुगंधाने वाटी खाली ठेवली. तासाभरात दाराशी रिक्षा उभी होती.

सोनोग्राफीत गुठळी सापडली. बाळंतपणानंतरही काही आठवडे इंजेक्शनं चालली. मुलगी झाली, तिला न्हाऊ घालायला सुगंधाने दुसरी बाई ठेवली.

मुलगी तीन महिन्यांची झाल्यावर एका दुपारी संचिता एकटीच काकीच्या दारात आली.

"चोळलंस तेव्हा आवस काय बोलली काय गो?"

काकीने तळवा लुगड्याला पुसला.

"बरा वाटला म्हणाली. उद्या परत येशीत मां, म्हणान इचारल्यान."