खंडेनवमीची हळद आणि धुळीचं मीटर

देवासच्या कारखान्यांत शिखा पवार दिसली की लोक आधी झाडू शोधायचे. कामच तसं बाईचं, मीटर घेऊन हवेतली धूळ मोजत हिंडायचं. मीटर म्हणजे एक डबी. आत उजेड असतो. हवेतले कण तो जितका उधळतील तितका आकडा चढतो.

आता तिचे सासरे उदाजीराव. घराणं दरबारी शिलेदारांचं. तलवार कधीच गेली, पण खंडेनवमीला हत्यार पुजायची हौस कुठे जाते? त्यांनी सुनेचं मीटर पाटावर मांडलं आणि भक्तिभावानं हळद सोडली ती नेमकी त्याच्या तोंडात.

दसरा उलटला, शिखा डाळमिलमध्ये गेली. तिथे तूर निवडणाऱ्या मालनमावशी आणि बाया खोकून बेजार. धूळ ओढणारा पंखा लावा म्हटलं की मालक अंबरीश म्हणायचा, "आकडा दाखवा, लावतो." शिखानं मीटर सुरू केलं आणि आकडा असा उधळला की अंबरीशनं तोंडाला रुमालच बांधला. "मान लिया ताई, लावतो पंखा." बायांनी फुगडी घालायचीच काय ती बाकी ठेवली. शिखाही हवेत.

निघताना तिनं सकाळी घाईत राहिलेली तपासणी केली. मीटरला गाळलेली स्वच्छ हवा दिली की आकडा शून्यावर यायला हवा. हा जागचा हलेना. उघडून बघते तर आतलं भिंग पिवळंधमक.

गप्प बसली असती तर पंखा लागलाच असता. पण आज हळदीला धूळ म्हटलं, तर उद्या खऱ्या धुळीवर कोण विश्वास ठेवणार?

"अंबरीशभिया, आकडा खोटा आहे. मामंजींनी मीटरची पूजा केलीय."

अंबरीश पोट धरधरून हसला. रुमाल सोडला, पंख्याचा विषयही सोडला. मालनमावशींनी तोंड फिरवलं, ते शिखाला फार लागलं.

तिनं भिंग पुसलं. आता आकडा इतका खाली की मालक पेढे मागवायला निघाला. पण तुरीची जाड धूळ लबाड. वजनाला भारी असून उजेड थोडाच उधळते. शिखानं तोललेला कोरा गाळणकागद पंपाला लावला, दिवसभर मिलची हवा त्यातून ओढली आणि अंबरीशला प्रयोगशाळेत नेऊन त्याच्यादेखत कागद परत तोलला. धूळ हळदीच्या आकड्याहूनही जास्त भरली.

"ये तो पूजेपेक्षा भारी निघालं," अंबरीश पुटपुटला आणि रुमाल परत बांधला.

पंखा बसला त्या दिवशी मालनमावशी हळदीचा करंडा घेऊन आल्या. शिखा "लांबून हं, मावशी" म्हणेपर्यंत त्यांनी चिमूट सोडलीसुद्धा, आणि पंख्यानं ती गपकन ओढून नेली. बाया हसत सुटल्या, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. खोकलं मात्र कुणी नाही.