कुंद्याच्या रानातले इंजिन

१९५६ सालच्या मे महिन्यात, आखितीनंतरच्या रविवारी सकाळी, बारामती–इंदापूर रस्त्यालगतच्या आमच्या रानात वाफेवर चालणारे एक इंजिन मागच्या दोन्ही चाकांनिशी रुतले. इंजिन चार हौशी माणसांनी मिळून बांधले होते. रान माझे आणि माझ्या थोरल्या भावाचे, पण कसत होते तेच. सगळे गाव त्यांना दादाच म्हणे. मी त्या वेळी बारामतीत राहून पुण्याच्या एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवीत असे.

रानात कुंदा माजला होता. कुंदा हे काळ्या जमिनीतले गवत. मुळ्या कमरेइतक्या खोल जातात आणि वरून कापले की पुन्हा फुटते. उपाय एकच. भर उन्हाळ्यात खोल नांगरट करायची आणि उपटलेल्या मुळ्या पावसापर्यंत उन्हात वाळू द्यायच्या. उशीर झाला आणि पाऊस पडला, तर तुटलेल्या प्रत्येक मुळीला कोंब येतो. दादांना त्या पावसाळ्यात तिथे आडसाली, म्हणजे दीड वर्षाचा, ऊस लावायचा होता. शेजारच्या गावातला आठ बैलांचा नांगर त्यांनी आदल्या दसऱ्यालाच सांगून ठेवला होता.

दिवाळीनंतर तात्या म्हणून एक जण रान बघायला आले. इंदापूर तालुक्यात एका साखर कारखान्याच्या मळ्यावर पूर्वी नांगरटीची वाफेची इंजिने होती. इंजिन रानाच्या कडेला उभे राही, त्याच्या पोटाखालच्या मोठ्या रिळावर पोलादी दोर गुंडाळला जाई आणि दोराला बांधलेला नांगर रानातून ओढला जाई. तात्यांनी त्यांतले एक इंजिन बरीच वर्षे चालवले होते. पुढे ट्रॅक्टर आले, इंजिने मोडीत गेली आणि तात्या घरी बसले. आता त्यांना तसेच्या तसे इंजिन पुन्हा बांधून लोकांना दाखवायचे होते. त्यांच्याबरोबर शाळेतले एक ड्रॉइंग मास्तर, एक पिठाच्या गिरणीचे मालक आणि एक लोहार होते. दाखवायला रान हवे होते.

“दादा, ह्यो कुंदा बैलानं निघायचा न्हाय,” तात्या बांधावर बसून म्हणाले. “आमचं इंजिन एका खेपंत मुळासकट काढंल.”

“कवा?”

“शिमग्याला तयार.”

दादांनी आठ बैलांचा नांगर सोडून दिला. तो लगेच दुसऱ्याने धरला. वहिनी एवढेच म्हणाल्या, “हातचा नांगर सोडला तुमी. शिमगा कंच्या सालचा, त्ये इचारलं का?”

इंजिन बारामतीत गिरणीच्या मागच्या शेडमध्ये आकार घेत होते. बॉयलर कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगमधला होता. त्याच्या तपासणीचा दाखला गिरणीवाल्यांनी मिळवला. ठरल्या वेळी झालेले ते एकच काम. मागची चाके माणसापेक्षा उंच होती. लोहाराने पत्रे वाकवून, रिव्हेट मारून ती केली आणि चांगली केली. पुढचा वेळ कशात गेला ते मी दर बाजाराच्या दिवशी पाहत होतो. मास्तरांकडे मूळ इंजिनाचा एक जुना फोटो होता. धुराड्याच्या तोंडाला फोटोत पितळी पट्टी नव्हती. तात्यांच्या आठवणीत होती. ती पट्टी बसली, काढली गेली आणि पुन्हा बसली. मग हिरव्या रंगावर पिवळ्या रेघा आल्या. एक रेघ वाकडी आली म्हणून सगळी बाजू खरवडून काढली.

दादा बाजाराला आले की शेडमध्ये डोकावत आणि एकच प्रश्न विचारत.

“नांगर कुठाय?”

नांगर नव्हता. चौघांपैकी कोणी तो सुरूच केला नव्हता.

“नवरदेव आधी सजू द्या दादा,” लोहार म्हणाला. “वरात मागनं.”

“वरातीचं मला काय न्हाय. नवरीचं काय ठरलंय?”

शिमगा आला. इंजिन जागचे हलत नव्हते, पण शिट्टी तयार होती. होळीच्या दिवशी बॉयलर अर्धवट पेटवून त्यांनी ती वाजवून पाहिली. आख्खी आळी रस्त्यावर आली. गिरणीपुढे उभ्या असलेल्या गाडीचे बैल पिठाच्या पोत्यांसह उधळले आणि नदीच्या रस्त्याला सापडले. तात्यांच्या तोंडावर समाधान होते.

“शिट्टीनं कुंदा निघतो का तात्या?” दादांनी विचारले.

“निघत न्हाय. पर घाबरतो.”

चैत्रात एकदाचा नांगर झाला. मी धरून चाललो होतो की आता काम सुरू होईल. मास्तरांचे म्हणणे पडले की एवढे मोठे प्रात्यक्षिक प्रमुख पाहुण्यांशिवाय करता येणार नाही. एका बड्या अधिकाऱ्यांना बोलावण्यात आले. त्यांनी तारीख दिली, बदलली, पुन्हा दिली. प्रत्येक वेळी मास्तर सायकलवरून रानात येऊन दादांना नवी तारीख सांगून जात.

“ऊन माझ्यासाठी थांबत न्हाय मास्तर,” दादा म्हणाले, “अन् तुमी सायबासाठी थांबताय.”

“समारंभ एकदाच होतो हो. नीट व्हायला नको?”

तात्यांची माझ्याकडे वेगळी मागणी होती. बातमी आधी छापून यावी. मी म्हणालो, झाल्यावर छापतो. त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी फक्त “पेपरवाले” एवढेच बोलत.

समारंभाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, इंजिन स्वतःच्या वाफेवर रस्त्याने आले. वाटेत दोन विहिरींवर पाणी प्यायले. पोरे, कुत्री, सायकली असा लवाजमा मागे होता. रानाच्या तोंडाशी पक्क्या जागेवर ते उभे केले. सकाळी पाहुण्यांसमोर ते बांधालगतच्या पट्टीवर जाऊन कामाला लागणार होते. संध्याकाळी दादा आणि मी खुर्च्या आणि सतरंज्या आणायला बारामतीला गेलो.

आम्ही गेल्यावर मास्तरांच्या आणि गिरणीवाल्यांच्या लक्षात आले की बांधालगतच्या पट्टीवर घोटाभर फुफाटा आहे. पाहुणे पांढऱ्या कपड्यांत येणार. शेजारच्या रानात कॅनॉलची पाळी चालू होती. त्यांनी शेजाऱ्याच्या गड्याला सांगून पाटाला दारे धरवले आणि पाणी पट्टीवरून फिरवले. उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा असतात. पाणी वर थांबले नाही, भेगांत गेले. सकाळपर्यंत वरचा पापुद्रा वाळला होता आणि धूळ बसली होती. पट्टी सारवल्यासारखी दिसत होती. मास्तरांनी वहिनींना तिच्यावर रांगोळी काढायला सांगितले. वहिनींनी काढली.

पाहुणे जीपमधून आले. हार झाले, नारळ चाकावर फुटला, दोन भाषणे झाली. पाहुण्यांनी शिट्टीची दोरी ओढली. तात्यांनी वाफ सोडली आणि इंजिन पट्टीवर निघाले. पुढची चाके रांगोळीवरून गेली. मागची चाके रांगोळीवर आली आणि खाली गेली. तात्यांनी वाफ वाढवली तशी आणखी खाली गेली.

दादांनी चाकाजवळचा मातीचा गोळा उचलून दाबला. मुठीचा ठसा उठला.

“पाणी कुणी सोडलं?”

“पाणी नाही हो,” मास्तर म्हणाले. “सडा. पाहुण्यांच्या अंगावर धूळ नको म्हणून.”

“सडा तांब्यानं टाकत्यात मास्तर. पाटानं न्हाय.”

वहिनी मागून म्हणाल्या, “मला रांगोळी काढा म्हणाले. पाणी सोडलंय, त्ये न्हाय म्हणाले.”

दर खेपेनंतर नांगर परत पलीकडच्या बांधावर न्यायला दोन बैलजोड्या आणून ठेवल्या होत्या. कोणी तरी त्या इंजिनाला जुंपायची सूचना केली.

“इंजिनाला बैल लावायचे न्हाईत,” तात्या वरूनच म्हणाले. “माणसं बघत्यात.”

पाहुण्यांनी घड्याळ पाहिले, चौघांच्या चिकाटीचे कौतुक केले आणि ते जीपमधून निघून गेले. लोक मात्र हलले नाहीत. बांधावर बसलेल्यांपैकी एकाने विचारले, “तात्या, इंजिन पेरलं का लावलं?”

“लावलं,” दुसरा म्हणाला. “पाणी बी दिलंय. उगवंल आता.”

तात्या खाली उतरेनात. लोहार खोरे घेऊन चाकाभोवती उकरू लागला. उकरलेल्या जागेत आणखी चिखल येत होता. मग दादा इंजिनापाशी गेले.

“रुतलंय तर रुतू द्या. दोर वढतो का न्हाय, एवढंच सांगा.”

“दोराला काय धाड भरलीय?”

“मग नांगर वढा.”

बैलांनी नांगर आणि दोराचे टोक पलीकडच्या बांधावर नेले. लोहार नांगरावर बसला. तात्यांनी रीळ फिरवले. दोर जमिनीवरून उठून ताठ झाला आणि नांगर निघाला. बांधावरची चेष्टा थांबली. माती ढेकळांनी नव्हे, फरशांसारखी उलथत होती आणि आतल्या मुळ्या कडकड तुटत होत्या. दादा नांगरामागून चालत आले. एक मुळी उचलून त्यांनी ती हातावर धरली. ती बोटांपासून खांद्यापर्यंत आली आणि तरी तुटलेलीच होती.

एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, झाले की इंजिनाने बांधाच्या कडेने थोडे सरकायचे आणि शेजारून दुसरे तास काढायचे, ही मूळ पद्धत. हे इंजिन सरकणार नव्हते. म्हणून दादा प्रत्येक खेपेला नांगर पलीकडच्या बांधावर थोडा बाजूला लावीत गेले. सगळी तासे तिकडे वेगवेगळी सुरू होत आणि इकडे इंजिनापाशी येऊन मिळत. नांगरलेल्या रानाला हातपंख्याचा आकार आला. दोन्ही बाजूंचा कुंदा तसाच उभा होता.

दर ओढीला इंजिन थोडे कलत होते. उन्हे उतरू लागली तेव्हा तात्यांनी पाण्याची पातळी दाखवणारी काच पाहिली. बॉयलरमधले पाणी एका अंगाला गेले होते आणि दुसरे अंग कोरडे पडत होते.

“आग काढा,” ते म्हणाले.

“अजून ऊन हाय तात्या. रान निम्मं ऱ्हायलंय.”

“ऊन हाय. पर बॉयलर फाटला तर तुमी न्हाय अन् मी बी न्हाय.”

दादांनी वाद घातला नाही. लोहाराने निखारे ओढून काढले आणि त्यांवर माती टाकली.

मी त्याच संध्याकाळी बातमी लिहिली. तीत पाणी, रुतणे, पंख्याचा आकार आणि राहिलेले रान हे सगळे होते. छापून चार ओळी आल्या. त्यांत पाहुण्यांचे नाव होते आणि प्रात्यक्षिक यशस्वी झाले असे म्हटले होते. तात्यांनी ते कात्रण चौकट करून गिरणीत लावले. दादांनी पेपर दुकानात उभ्यानेच वाचला आणि मला विचारले, “ह्ये कुणाचं रान?”

पुढच्या आठवड्यात फळ्या घालून पाहिल्या, जॅक लावून पाहिला. फळ्या मोडल्या, जॅक चिखलात गेला. आठ बैलांच्या नांगराचा मालक म्हणाला, पाऊस पडेपर्यंत सवड नाही. त्यानंतर वळीव झाला आणि उकरण्याचे काम थांबले.

श्रावणात दादांनी पंख्याएवढ्या रानात ऊस लावला. बाकीच्या रानात कुंदा गुडघाभर झाला. तात्या दर आठवड्याला तेलाचा डबा घेऊन येत, इंजिनाला तेल देत, वर चढून बसत. दादा त्यांना चहा देत. इंजिन काढायचे बोलणे निघाले की तात्या म्हणत, “वाफंवर आलंय, वाफंवरच जाईल.” वाफ करण्याइतके ते सरळ उभे नव्हते. वहिनी चाकाच्या आऱ्यांवर गोधड्या वाळत घालू लागल्या.

“एवढं तरी कामाला आलं,” त्या म्हणाल्या.

दसऱ्याला दादांनी आठ बैलांचा नांगर पुन्हा सांगून ठेवला. मास्तर एकदा सायकलवरून रानात आले होते. दादांनी त्यांना बसायला सांगितले नाही.

पुढच्या वर्षी मे महिन्यात नांगर आला आणि त्याने उरलेले रान काढले. तात्या त्या दिवशी हजर होते. इंजिनाला बैल लावू का, असे नांगराच्या मालकाने त्यांना विचारले. त्यांनी नाही म्हटले. नांगर इंजिनाला वळसा घालून गेला.