चमचाभर युरिया

जैतुनाचं, म्हणजे ऑलिव्हचं, पान वाऱ्यावर उलटतं, तेव्हा क्षणभर सगळं रोप रुपेरी होऊन जातं. वरून गंभीर हिरवं, खालून चंदेरी. एकाच पानाचे हे दोन स्वभाव! आमच्या तेलगावच्या काळ्याभोर रानात, सभोवार उसाचा हिरवा दंगा चाललेला असताना, ते मितभाषी रूप पाहिलं की मन हळवं होतं. आणि खरं सांगू? थोडी लाजही वाटते.

रोपं पाच होती. राजस्थानात जैतुनाच्या रोपवाटिकेत नोकरी करणाऱ्या आमच्या लेकीनं ती मृगाच्या सुमारास आणली आणि आईच्या हवाली केली. बजावलं एवढंच, की महिन्यातून एकदा चहाचा एक चमचा युरिया बादलीभर पाण्यात विरघळवायचा आणि बुंध्यापासून लांब, गोल फिरवून ओतायचा. माझ्या बायकोनं, रुक्मिणीनं, त्यासाठी घरातला एक चमचा कायमचा वेगळा काढला, दांड्याला लाल दोरा बांधला. मी खो खो हसलो. चमच्यानं कुठं झाड वाढतं का! उसाला घमेल्यांनी युरिया फेकण्यात ज्याची हयात गेली, त्याला हे म्हणजे भुकेल्या पाहुण्याला एकच शीत वाढल्यासारखं वाटणार, नाही का?

पोळा झाला आणि रुक्मिणी लेकीच्या बाळंतपणाला गेली. लेकीला प्रवासाची मनाई होती, म्हणून माहेरच तिच्याकडे निघालं. गाडीत बसताना मला म्हणाली, "घराकडं न्हाई बघितलं तरी चालंल, पर माझ्या रोपांकडं बघा. लेकीनं दिल्यात."

रिकाम्या घरात जीव रमेना. सकाळ-संध्याकाळ मी रोपांपाशीच बसायचो. बोटाएवढे ते बुंधे रोज बोट लावून मापायचो. ती परत येईपर्यंत ही छातीएवढी करून दाखवतो, असं मनाशी ठरवलं. आणि एका सकाळी, अगदी मायेनं, प्रत्येक रोपाच्या बुडाशी युरियाची भरलेली मूठ रिकामी केली.

चार दिवसांत पानांचे शेंडे करपले. मग पानंच गळू लागली. घाबरून मी बादल्यांवर बादल्या पाणी ओतलं, खत धुऊन जावं म्हणून धडपडलो. रोज संध्याकाळी फोनवर ती आधी नातवाचं कौतुक सांगायची, मग हळूच विचारायची, "रोपं कशी हायेत?" आणि मी, साठी ओलांडलेला बाप्या, बेधडक म्हणायचो, "झकास!" फोन ठेवला की जेवण गोड लागायचं नाही. माया म्हणून आपण जे देतो, ती आपली हौस असते की घेणाऱ्याची भूक? त्या तंतूंसारख्या कोवळ्या मुळांनी माझी ती मूठभर हौस कशी सोसावी!

दिवाळीच्या तोंडावर ती आली, ती पिशवी न ठेवताच रानात. पाचही काटक्यांची साल तिनं नखानं खरवडून पाहिली. चार कोरड्या निघाल्या. पाचवीच्या सालीखाली केसाएवढं हिरवं होतं. ती तिथंच बसून रडली.

"मला फोनवरच कळलंतं," डोळे पुसत ती म्हणाली. "भाजीत मीठ जास्त पडलं की तुमी असंच झकास म्हणता."

सगळा हिवाळा तिनं मला त्या रोपाजवळ फिरकू दिलं नाही. माझी तक्रार नव्हती. फाल्गुनात मात्र काटकीच्या बगलेतून दोन पानं फुटली, मुगाच्या डाळीएवढी. ती जरा मोठी होऊन वाऱ्यावर उलटू लागली, तशी एका सकाळी रुक्मिणी पाण्याची बादली आणि युरियाची पिशवी घेऊन आली आणि लाल दोऱ्याचा चमचा तिनं माझ्या हातात दिला.

"घाला तुमीच."

मी जपून चमचा भरला, पण बादलीशी नेता नेता निम्मा युरिया बाहेर सांडला. मी ओशाळून पुन्हा पिशवीत चमचा घालू लागलो, तर तिनं माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तेवढं लई झालं त्याला."