गुणवंती आणि कॉन्स्टँटिनोपल

मांडवीच्या भागोजी तांडेलाची लेक गुणवंती बी.ए.च्या एकाच पेपरात दोनदा नापास झाली, हे एव्हाना अख्ख्या आळीला ठाऊक होतं. मध्ययुगीन युरोपचा इतिहास. बाकीचे विषय सुटले, हा तेवढा घशात अडकला. ती शाळेत पाचवी-सहावीला शिकवायची. वरच्या वर्गांना शिकवायचं तर पदवी हवी. १९८५चा एप्रिल उजाडला तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती आणि मुख्याध्यापिका यमुनाबाईंनी सरळ सांगून टाकलं होतं, "नववीचा वर्ग मी तुझ्यासाठी धरून ठेवते. यंदा नाही जमलं, तर पुढे माझ्या हातात नाही."

अभ्यासात ती कसूर करत नव्हती. कॉन्स्टंटाईनने समुद्राच्या चिंचोळ्या वाटेवर कॉन्स्टँटिनोपल ही नवी राजधानी वसवली, जस्टिनियनने कायदे केले, भव्य चर्च बांधलं, हे बायझंटाईन राज्य पार इटलीपलीकडे नेलं; मग तुकडे पडत पडत शेवटी जवळजवळ एक शहरच उरलं, तेही तुर्कांनी १४५३ साली घेतलं. घरी सगळं घडाघडा म्हणता यायचं. प्रश्नपत्रिका हातात पडली की डोक्यात एक राजा उरायचा नाही. पेपर आठ दिवसांवर आला तसं तिचं जेवण तुटलं. मासळी कापताना, केस विंचरताना ओठ हलत राहायचे.

"काय गो पुटपुटतंस?" भागोजीने विचारलं.

"बंदराच्या तोंडाला शहरवाल्यांनी साखळी बांधलेली, बाबा. आत शिरायला वाट नाही. मग तुर्कांनी सत्तरेक गलबतं टेकाडावरून ओढून आतल्या खाडीत उतरवली."

"खाली काय घातलानी?"

"लाकडं. चरबी चोपडून."

"मग जमंल," भागोजी म्हणाला. "मानसं किती व्हती?"

ते तिला ठाऊक नव्हतं. आणखी एक गोष्ट ठाऊक नाही, म्हणून ती उलट घाबरली.

दुसऱ्या दिवशी भागोजीची होडी तळ खरवडायला वर घ्यायची होती. त्याने तिच्या हातचं पुस्तक काढून घेतलं आणि तिला दोराला लावलं. मुशी माशाचं तेल लावलेल्या ओंडक्यांवरून अकरा माणसं ओढत होती, तरी होडी वीतभर सरके आणि थांबे. गुणवंतीचे तळहात सोलवटले.

"एका होडीला येवढा जीव जातो," भागोजी धापा टाकत म्हणाला. "सकाळी उठून आतल्या लोकांनी सत्तर बघितलानी, तेव्हा काय वाटलं असंल गो त्यांना?"

परीक्षेच्या दिवशी पहिलाच प्रश्न होता: बायझंटाईन साम्राज्याचा उदय आणि ऱ्हास. वीस मिनिटं गेली, पर्यवेक्षक दोनदा शेजारून गेले, कागद कोराच. डोळ्यांसमोर फक्त टेकाड उतरणारी गलबतं होती. मग तिने तेच लिहिलं. लिहिताना वाटलं, शहरातल्यांच्या मदतीला कोणीच कसं आलं नाही? तेव्हा आठवलं, त्याच्या अडीचशे वर्षं आधी त्यांच्याच धर्माच्या, धर्मयुद्धाला निघालेल्या क्रुसेडवाल्यांनी हे शहर लुटून पोखरलं होतं. तिथून ती मागे मागे जात जस्टिनियनपर्यंत, मग कॉन्स्टंटाईनपर्यंत पोचली. ऱ्हास आधी, उदय शेवटी. घंटा झाली तेव्हा तिला खात्रीच होती, परीक्षक हे सगळं उलटं म्हणून खोडणार.

निकाल बघायला जायला ती तयारच होईना. तिच्या क्रमांकाची चिठ्ठी घेऊन भागोजीच कॉलेजात गेला. परतताना तो वाटेत कुणाशी बोलत उभा राहिला आणि ती दारातून बघत राहिली.

"हायस गो यादीत!" त्याने लांबूनच ओरडून सांगितलं. त्या पेपराला बेचाळीस गुण होते.

शाळा सुरू झाली, यमुनाबाईंनी शब्द पाळला. नववीच्या पहिल्या तासाला गुणवंतीने कॉन्स्टँटिनोपलच्या वेढ्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या बाकावरच्या राहीने हात वर केला. "बाई, शहर पडल्यावर तिथल्या बायकांचं काय झालं?"

वर्ग तिच्याकडे बघत होता. "पुस्तकात एवढं दिलेलं नाही," ती म्हणाली. "मला माहीत नाही, राही. शोधून सांगते."